पाहून गेले, कळवलं नाही

गेल्या आठवड्याभरात तुम्हाला किती जणांनी ‘रेट’ करायला सांगितलं, जरा आठवून बघा. कॅबवाल्याने पाच स्टार मागितले. बँकेने ‘फक्त दोन मिनिटं’ मागितली. पिझ्झ्याचा पहिला घास घशाखाली उतरायच्या आत त्याच्याबद्दलचं मत मागणारा मेसेज आला. आणि ऑफिसात एचआरची ती मेल... ‘युवर व्हॉइस मॅटर्स!’ चाळीस प्रश्न, शुक्रवार संध्याकाळची डेडलाइन. काय केलंत? खरं सांगा. सगळीकडे ‘चार’ मारलेत ना? पाच मारले तर चमचा वाटू, तीन मारले तर बॉस बोलावून घेईल. त्यापेक्षा चार बरे!

मला अजिबात राग नाही. पण मी त्याच लाइनमधली आहे. असे प्रश्न तयार करणं, कोणाला कधी पाठवायचे ते ठरवणं आणि आलेल्या उत्तरांचं काय होतंय त्याचा पिच्छा पुरवणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. आधी चार वर्षं अंधेरीतल्या एका मार्केट रिसर्च फर्ममध्ये शाम्पूच्या वासाबद्दल बायकांना प्रश्न विचारत होते. मग लग्न झालं, पुण्याला आले आणि एका विद्यापीठात लागले. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दरवर्षी नवं पत्र. दारावर पाटी आहे, ‘सर्वेक्षण समन्वयक’. माझी आत्या अजूनही लोकांना सांगते, ‘ती जनगणनेत असते.’

म्हटलं, असू दे. समजावून सांगणं अवघडच आहे. विद्यापीठाचं कॅम्पस म्हणजे एक छोटं गाव असतं. विभाग, वसतिगृहं, मेस, ग्रंथालय, दवाखाना, पोस्ट, झेरॉक्सची दुकानं. आणि या गावातल्या प्रत्येकाला दुसऱ्याला काहीतरी विचारायचं असतं. माझं काम ट्रॅफिक पोलिसाचं. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायचा नाही, एवढंच बघायचं.

पहिल्याच महिन्यात मी एक उद्योग केला. एमएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला विचारलं, की गेल्या वर्षभरात तुझ्याकडे किती फॉर्म आले? तिने मोबाइल काढला, मेल चाळली, व्हॉट्सअॅप ग्रुप चाळले. आम्ही दोघींनी मिळून मोजले. चौदा! प्रत्येक विषयाचा फीडबॅक, ग्रंथालयाचा फॉर्म, मेसचा फॉर्म, वसतिगृहाचा, प्लेसमेंट सेलचा, ‘ग्रीन ऑडिट’चा, तीन पीएचडीवाल्यांच्या प्रश्नावल्या, मॅनेजमेंटच्या मुलांचं एक प्रोजेक्ट... त्यातले सहा तर परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात. ‘मग भरलेस किती?’ मी विचारलं. ‘सगळे,’ ती म्हणाली. ‘डोळे मिटून सगळीकडे ‘सहमत’ मारत जायचं मॅडम. चाळीस सेकंदांत होतो.’

गंमत म्हणजे यात व्हिलन कोणीच नाही. प्रत्येकाकडे आपापलं सबळ कारण आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ने २०१७ मध्ये मूल्यांकनाची नवी पद्धत आणली, तिच्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. त्या पद्धतीत संस्थेने विद्यार्थ्यांचे ई-मेल द्यायचे होते, ‘नॅक’ त्यांना परस्पर एकवीस प्रश्न पाठवायचं. विद्यापीठ असेल तर दहा टक्के विद्यार्थी किंवा पाचशे, यातला जो आकडा लहान असेल तेवढ्यांचं उत्तर यायलाच हवं होतं. शिवाय केंद्र सरकारची उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी २०१०-११ पासून, ‘एनआयआरएफ’ची क्रमवारी २०१६ पासून. ही माहिती विद्यार्थ्यांकडून नाही, कचेऱ्यांकडून जाते, पण कचेऱ्या तरी ती आणणार कुठून? थोडी रजिस्टरातून आणि उरलेली आणखी एका गूगल फॉर्ममधून! ‘नॅक येतंय’ म्हटलं की कॅम्पसवर कसं वातावरण होतं ते तिथे शिकलेल्या कोणालाही विचारा. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, दारात रांगोळी. आणि मुलांच्या मोबाइलवर फॉर्मचा पाऊस.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं, तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, ‘भरतायत ना मुलं? मग अडचण काय आहे?’

अडचण हीच की भरतायत. न भरलेला फॉर्म निदान प्रामाणिक असतो. डोळे मिटून भरलेला फॉर्म खोटं बोलतो, तेही टक्केवारीत आणि रंगीत ग्राफमध्ये.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एवढं मोठं नमुना सर्वेक्षणाचं शास्त्र, पण त्याचं सार आपल्या आजीला माहीत होतं. पातेलं उपसायची गरज नाही, एक शीत पुरे. फक्त एक अट आहे. भात आधी खालीवर हलवायचा. वरवरचंच शीत चेपलंत, तर तळाचा करपलेला भात कळणारच नाही. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या मासिकाचं नेमकं हेच झालं. त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीआधी जवळजवळ एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली! पत्ते काढले होते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदींमधून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असणार? त्यात उत्तर पाठवायची हौसही ठरावीक लोकांनाच. वरवरची शितं! मासिक दोन वर्षांत बंद पडलं.

उलट सहा हजार मुलांमधून चिठ्ठ्या टाकून चारशे निवडा. त्या सगळ्यांनी मनापासून उत्तर दिलं, तर येणारा आकडा बहुतेक वेळा खऱ्या आकड्याच्या पाच टक्के इकडे नाहीतर तिकडे असतो. म्हणजे बाकीच्या पाच हजार सहाशे मुलांना त्रास द्यायचं कारणच नाही. पुढच्या सर्व्हेला दुसरे चारशे. एका मुलाच्या वाट्याला वर्षातून एखाद-दुसरा फॉर्म. हे गणित पटायला कॅम्पसवर मला दीड वर्ष लागलं. ‘सगळ्यांना विचारलं’ असं म्हणण्यात जी ऐट आहे, ती ‘चारशे जणांना नीट विचारलं’ यात नाही ना!

मग कामाला लागलो. भिंतीवर वर्षभराचं कॅलेंडर लावलं. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे लाल. प्रवेशाचे दिवस लाल. ‘पुरुषोत्तम’ आणि युवा महोत्सवाचे दिवस मुलांनी स्वतः येऊन लाल केले. प्रत्येक फॉर्म माझ्या टेबलावरून जाणार, असं परिपत्रक निघालं. मग प्रश्नच तपासायला घेतले. ‘ग्रंथालयाची वेळ आणि सेवा समाधानकारक आहे का?’ अहो, वेळ छान आहे आणि काउंटरवरचे गृहस्थ खेकसतात, अशाने काय टिक करायचं? ‘आपण अध्यापनशास्त्रीय पद्धतींबाबत समाधानी आहात काय?’ हा प्रश्न मी दहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. आठ जणांनी विचारलं, ‘म्हणजे?’ आधी थोड्यांवर प्रयोग करून बघायची ही शिस्त काही माझी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमध्ये तागाच्या पिकाच्या पाहण्या केल्या, त्या अशाच लहानापासून मोठ्याकडे नेल्या. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागेही तेच होते.

‘पाहणी’... मला हा शब्द फार आवडतो. सर्वेक्षण म्हटलं की फाइल डोळ्यांसमोर येते, पाहणी म्हटलं की डोळे. पण हा शब्द ऐकला की मला पोहेही आठवतात. आमच्या पिढीतल्या मुलींना वेगळं सांगायला नको. मंडळी येतात, प्रश्न विचारतात, पोहे खातात, ‘कळवतो’ म्हणून जातात. आणि कळवत नाहीत! नकार चालतो हो. नकाराचं दुःख दोन दिवसांचं असतं. पण निरोपच आला नाही की माणसाला वाटायला लागतं, आपण दिलेली उत्तरं कोणी ऐकलीच नव्हती. कॅम्पसवरची मुलं वर्षाला चौदा वेळा ‘दाखवली’ जात होती आणि निरोप एकदाही येत नव्हता.

निरोप न येण्याने काय बिघडतं, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कळलं.

ग्रंथालयात मुलींसाठी एक वेगळी अभ्यासिका आहे. रात्री अकरापर्यंत उघडी. संध्याकाळी सातनंतर ती रिकामी असते, म्हणून ती सातला बंद करून तिथे मीटिंग रूम करायचा प्रस्ताव आला. सोबत सर्व्हेचा रिपोर्ट: ‘विद्यार्थिनींकडून सायंकालीन अभ्यासिकेस मागणी नगण्य.’ पुरावा भक्कम वाटत होता. पण रिपोर्ट उघडला तर कळलं, की फॉर्म संध्याकाळी सातनंतर ग्रंथालयाच्या काउंटरवर वाटले होते. म्हणजे ज्या मुली तेव्हा तिथे नसतात, त्यांनाच ‘तुम्ही का नसता’ हे विचारायचं राहून गेलं होतं!

मी जुनी कपाटं उघडली. वसतिगृहाचा सर्व्हे सापडला. ‘प्रवेशद्वार बंद होण्याच्या वेळेबाबत समाधानी आहात का?’ सगळ्या मुली समाधानी! का नसतील? फॉर्मवर खोली नंबर होता आणि तो रेक्टरबाईंच्या टेबलासमोर बसून भरायचा होता. दार बंद व्हायचं साडेनऊला. मग इस्टेट विभागाची रस्त्यावरच्या दिव्यांची पाहणी सापडली. ‘खांबांची संख्या पुरेशी.’ संख्या खरोखरच पुरेशी होती. मोजणी झाली होती सकाळी अकरा वाजता.

तीन विभाग, तीन रिपोर्ट, तीन कपाटं. प्रत्येक रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर. तिन्ही एका टेबलावर ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा एक मुलगी दिसली. अकरापर्यंत उघड्या असलेल्या अभ्यासिकेतून, साडेनऊला बंद होणाऱ्या दाराकडे, खांब आहेत पण उजेड नाही अशा रस्त्याने जाणारी. ती मुलगी सातलाच निघणार. मग आपण म्हणणार, मागणी नगण्य!

समन्वय म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते. तीन कपाटांच्या चाव्या एका जुडग्यात असणं.

आम्ही चौथा सर्व्हे केला, पण छोटा. बारा प्रश्न. वसतिगृहातल्या मुलींच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या एकशे वीस जणी. कागदावर, नाव नाही, खोली नंबर नाही, मेसमध्ये कुलूपबंद पेटी. शेवटच्या पानावर कॅम्पसचा नकाशा आणि एकच सूचना: ‘ज्या ठिकाणी तुमचा चालण्याचा वेग आपोआप वाढतो, तिथे रेघ ओढा.’ नकाशे एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. सगळ्या रेघा कँटीनमागच्या त्या बोळावर येऊन काळ्याकुट्ट झाल्या होत्या. संध्याकाळी मी स्वतः चालून आले. दिवे होते. त्यांच्यावर गुलमोहराच्या फांद्या होत्या.

‘आणखी काही सांगायचंय?’ या जागेत एकीने लिहिलं होतं, की ती रोज सातला पुस्तक मिटते. एमपीएससी करते आहे. पेठेतल्या खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे घरी मागण्यासारखी परिस्थिती नाही. आणि खाली दोन ओळी: दारावरचे एक जण उशीर झाला की ‘तुझ्या बापाला फोन लावू का’ म्हणतात आणि नको इतका वेळ बोलत उभं करतात.

रिपोर्ट गेला. दुसऱ्याच दिवशी मला वरून बोलावणं आलं. साहेब दिव्यांबद्दल बोलले नाहीत. ‘हे शेवटचं कोणी लिहिलंय?’

म्हटलं, ‘सर, नावं नाहीत घेतली.’

‘मूळ कागद असतील ना? अक्षरावरून कळेल की.’

कागद नव्हते. उत्तरं बाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून घ्यायची आणि मूळ कागद श्रेडरमध्ये घालायचे, हे सर्व्हेच्या आराखड्यात कलम सातमध्ये लिहिलं होतं. दहापेक्षा कमी जणींच्या गटाची वेगळी आकडेवारी कोणालाच द्यायची नाही, हे कलम आठ. एखाद्या विभागात तीनच मुली असतील, तर ‘या विभागातल्या मुलींचं मत’ म्हणजे जवळजवळ नावच की! आराखड्याखाली समितीच्या सगळ्या सह्या होत्या. साहेबांचीही होती. मी ती झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू? कॉन्ट्रॅक्टला सात आठवडे उरले होते.

‘तुमचं रिन्युअल केव्हा आहे?’ त्यांनी शांतपणे विचारलं. मीही तारीख सांगितली.

त्या रात्री नवऱ्याशी बोलत बसले. फ्लॅटचा हप्ता, माझा पगार, सगळं बोलून झालं. तो म्हणाला, ‘नाव माहीत असतं तर सांगितलं असतंस?’ मी म्हटलं, माहीत नाही म्हणूनच मला झोप लागणार आहे. निनावी म्हणून विचारायचं आणि मग शोधायला निघायचं, तर पुढची दहा वर्षं त्या कॅम्पसवर कोणतीही मुलगी खरं लिहिणार नाही. आणि का लिहावं तिने?

शेवटी गोष्ट समितीपुढे गेली. समितीतल्या दोन प्राध्यापिकांनी नकाशे टेबलावर पसरले आणि एकच म्हणाल्या, ‘आज मीटिंग संपल्यावर सगळे मिळून या रस्त्याने चालत जाऊ.’ पावसाळी संध्याकाळ, साडेसात वाजलेले, दहा-बारा सन्माननीय सदस्य मोबाइलचे टॉर्च लावून चिखलातून. त्यानंतर फार चर्चा झाली नाही. पुढच्या आठवड्यात फांद्या छाटल्या गेल्या. अभ्यासिकेची चिठ्ठी असेल तर वसतिगृहाचं दार साडेदहापर्यंत उघडं, असं ठरलं. दारावरची ड्युटी बदलली. मीटिंग रूम दुसरीकडे गेली. रात्रीच्या मिनीबसची मागणी मात्र पैशांअभावी नामंजूर.

मग मी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. मेसच्या बाहेर एक फळा लावला. तीन रकाने. ‘तुम्ही सांगितलंत.’ ‘एवढं झालं.’ ‘एवढं जमलं नाही, कारण.’ मिनीबस तिसऱ्या रकान्यात गेली, कारणासकट. मुली ताटं हातात घेऊन वाचत उभ्या राहिल्या. एकीने फोटो काढून आईला पाठवला. गंमत बघा, सगळ्यात जास्त चर्चा झाली ती तिसऱ्या रकान्याची. ‘नाही म्हणायला का होईना, उत्तर तरी दिलं,’ एक जण दुसरीला म्हणाली. पुढच्या सर्व्हेला मला स्मरणपत्र एकदाच पाठवावं लागलं.

माझं पत्र? तीन आठवडे उशिरा आलं. आलं मात्र.

आता तुमच्या एचआरच्या मेलबद्दल. पुढच्या वेळी ‘चार’ मारायच्या आधी तीन गोष्टी विचारून बघा. माझं उत्तर नक्की कोण बघणार? आमची टीम पाच जणांची आहे, तर आमचा आकडा वेगळा काढणार का? आणि यातून काय ठरलं ते आम्हाला केव्हा सांगणार? उत्तरं नीट मिळाली तर मनापासून भरा, अगदी शेवटच्या रिकाम्या जागेतही लिहा. आणि उद्या फॉर्म बनवायची पाळी तुमच्यावर आलीच, तर प्रश्न लिहायच्या आधी एक तारीख लिहा, लोकांना निरोप द्यायची.

यंदाच्या कॅलेंडरवर मी तेच केलं. आधी फळ्याच्या तारखा टाकल्या, मग त्यांच्या मागे सर्व्हेच्या. जुलैत एक विभागप्रमुख आले. म्हणाले, ‘फक्त पाचच प्रश्न आहेत हो मॅडम, मध्येच कुठेतरी घुसवा ना.’

म्हटलं, ‘घुसवते की सर. मुलांना कळवायची तारीख तेवढी सांगा.’

‘डायरी बघून सांगतो,’ म्हणाले. अजून बघतायत.